अमेरिकेतील संघीय न्यायाधीशाचा अधिकार नेमका कुठून येतो?

आपल्या प्रश्नाची पार्श्वभूमी आधी थोडक्यात मांडतो. आपली लेक आणि जावई कामाच्या व्हिसावर न्यू जर्सीत राहतात आणि आपली नात २०२५च्या उन्हाळ्यात तिथेच जन्मली. त्याच वर्षी २० जानेवारीला राष्ट्राध्यक्षांनी असा आदेश काढला होता की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुलाला जन्मसिद्ध नागरिक मानू नये. तीनच दिवसांत सिएटलमधील एका जिल्हा न्यायाधीशाने तो थांबवला. २७ जूनला सर्वोच्च न्यायालय म्हणाले की अशा न्यायाधीशाला अख्ख्या देशासाठी मनाई हुकूम देता येत नाही, आणि तरीही १० जुलैला न्यू हॅम्पशायरमधील दुसऱ्या जिल्हा न्यायाधीशाने तोच आदेश देशभरातील बाळांसाठी पुन्हा रोखला. आपण विचारता की एका जिल्हा न्यायाधीशाकडे राष्ट्राध्यक्षांना अडवण्याचा अधिकार येतो कुठून, तो राज्यघटनेत कुठे लिहिला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलेली गोष्ट दोन आठवड्यांत खालचे न्यायालय पुन्हा कशी करू शकते.

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयांत मी वीसहून अधिक वर्षे वकिली करतो, आणि या तिन्ही प्रश्नांचे उत्तर माझ्या मते एकाच ठिकाणी आहे. अमेरिकी न्यायालय कायदा तपासायला बसलेले नसते, ते खटला निकालात काढायला बसलेले असते. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा जो अधिकार जगभर गाजला, तो या कामातून ओघाने आलेला आहे. म्हणूनच तो इतका मोठा आहे आणि म्हणूनच त्याला इतक्या मर्यादाही आहेत.

प्रथम 'जिल्हा न्यायाधीश' या शब्दाबद्दलचा एक गैरसमज दूर करतो. आपल्या डोळ्यांसमोर पुण्याचे किंवा साताऱ्याचे जिल्हा व सत्र न्यायालय येते, जे उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली काम करते. अमेरिकी संघीय जिल्हा न्यायाधीश तसा नसतो. त्याची नेमणूक स्वतः राष्ट्राध्यक्ष करतात, तिला सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते, आणि घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार वर्तन चांगले असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात आजन्म, त्याला पदावरून हलवता येत नाही व त्याचा पगारही कमी करता येत नाही. नेमकी हीच हमी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांना आहे. तुलनाच करायची तर तो आपल्या उच्च न्यायालयातील एकल न्यायाधीशाच्या अधिक जवळचा आहे. अशी ९४ जिल्हा न्यायालये आहेत, त्यांच्यावर १३ अपील न्यायालये आहेत, ज्यांना वकील मंडळी सर्किट म्हणतात, आणि वर एकच सर्वोच्च न्यायालय. यांच्या शेजारी प्रत्येक राज्याची स्वतःची स्वतंत्र न्यायव्यवस्था आहे; घटस्फोट, वारसा, खून, भाडेकरूंचे तंटे यांतले बहुतेक तिथेच चालतात.

आता घटनेबद्दल. तिसरा अनुच्छेद इतका लहान आहे की एका बैठकीत वाचून होतो. न्यायदानाची सत्ता एका सर्वोच्च न्यायालयाकडे आणि काँग्रेस, म्हणजे इथली संसद, वेळोवेळी स्थापन करील त्या कनिष्ठ न्यायालयांकडे राहील, आणि ती सत्ता ठरावीक प्रकारच्या खटल्यांना व वादांना लागू होईल, न्यायालयांच्या सत्तेबद्दल मुख्यतः एवढेच त्यात म्हटले आहे. भारतीय घटनेच्या अनुच्छेद १३ मध्ये मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत होईल असे स्वच्छ लिहिले आहे, आणि ३२ व २२६ मध्ये दाद मागण्याचा रस्ताही आखून दिला आहे. अमेरिकी घटनेत असे कलमच नाही. जे आहे ते १८०३च्या एका निकालात आहे, आणि तो निकाल लागला एका साध्या नेमणूकपत्रावरून.

राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स १८००ची निवडणूक थॉमस जेफरसन यांच्याकडून हरले होते. पद सोडण्याच्या आदल्या रात्रीपर्यंत ते आपल्या माणसांच्या नेमणुकांवर सह्या करत होते. त्यात राजधानीच्या जिल्ह्यासाठी दंडाधिकारी नेमले होते आणि त्यांपैकी एक होते विल्यम मारबरी. सही झाली, परराष्ट्रमंत्र्यांनी शिक्का मारला, पण काही पत्रे पोहोचवायची राहून गेली. नव्या सरकारचे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांनी ती द्यायचे नाकारले. मारबरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मॅडिसन यांना पत्र देण्याचा हुकूम करा, म्हणजे मँडमस काढा, अशी मागणी त्यांनी केली. समोर सरन्यायाधीश म्हणून बसले होते जॉन मार्शल, ज्यांनी परराष्ट्रमंत्री असताना त्या पत्रांवर स्वतः शिक्का मारला होता. आजच्या रिवाजाने त्यांनी या खटल्यातून बाजूला व्हायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्शल यांच्यापुढची अडचण खरी होती. हुकूम काढला असता तर जेफरसन यांनी तो जुमानला नसता, आणि न्यायालयाकडे ना फौज होती ना तिजोरी. हुकूम नाकारला असता तर न्यायालय घाबरले असे दिसले असते. २४ फेब्रुवारी १८०३च्या निकालात ते म्हणाले की मारबरी यांचा पदावर हक्क आहे, सरकारने ते पत्र अडवणे बेकायदा आहे, आणि अशा हक्कभंगाला इलाजही असला पाहिजे. पण तो इलाज या न्यायालयाला थेट देता येत नाही. कारण १७८९च्या न्यायव्यवस्था कायद्याचे कलम १३ सर्वोच्च न्यायालयाला असे अर्ज थेट ऐकण्याचा अधिकार देते, तर घटना म्हणते की थेट दाखल होणारे खटले अगदी मोजक्या प्रकारचे असतील आणि बाकी सर्व अपिलात येतील. दोन्ही नियम एकाच खटल्याला लागू होतात आणि एकमेकांशी भिडतात. अशा वेळी न्यायाधीशाला त्यातला एक निवडावाच लागतो, आणि घटना हा वरचा कायदा असल्यामुळे खालच्या कायद्याला बाजूला व्हावे लागते. मारबरी यांना ते पद कधीच मिळाले नाही. जेफरसन यांना मोडण्यासारखा हुकूमच समोर नव्हता.

विद्यार्थ्यांना हे प्रकरण मार्शल यांची चतुराई म्हणून शिकवले जाते. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. न्यायालय काँग्रेसपेक्षा श्रेष्ठ आहे, असा दावा त्या निकालात कुठेही नाही. समोर पक्षकार उभा आहे, त्याचा निवाडा टाळता येत नाही, आणि निवाडा करायचा तर कायदा काय आहे हे सांगावेच लागते, एवढ्याच जमिनीवर मार्शल उभे राहिले. त्यामुळे हा अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा नाही. ज्याच्यापुढे रीतसर खटला आहे त्या प्रत्येक न्यायाधीशाचा तो आहे, मग तो सिएटलचा जिल्हा न्यायाधीश असो की एखाद्या राज्याच्या न्यायालयातला. भारतात उच्च न्यायालयाच्या खालच्या न्यायाधीशाला केंद्रीय कायदा घटनाबाह्य ठरवता येत नाही, म्हणून आपल्याला हे चमत्कारिक वाटते; इथे मात्र ते रोजचे काम आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. खटला नसेल तर न्यायालय तोंड उघडत नाही. १७९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या सरकारने इंग्लंड-फ्रान्स युद्धातील तटस्थतेविषयी काही कायदेशीर प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला विचारले होते. न्यायाधीशांनी नम्रपणे कळवले की आम्ही सल्ला देत नाही. आपल्याकडे अनुच्छेद १४३ खाली राष्ट्रपती न्यायालयाचे मत मागवू शकतात. इथे तो दरवाजा तेव्हापासून बंद आहे. जनहित याचिकेसारखे साधनही इथे नाही. वर्तमानपत्रातील बातमी वाचून अस्वस्थ झालेला नागरिक न्यायालयात गेला तर पहिला प्रश्न येतो की यात तुमचे स्वतःचे काय बिघडले? १९९२च्या 'डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ' या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कसोटीचे तीन भाग नेमके सांगितले: वादीला स्वतःला ठोस इजा झालेली किंवा होऊ घातलेली हवी, ती प्रतिवादीच्या कृत्यामुळे हवी, आणि न्यायालयाच्या हुकुमाने ती भरून निघण्यासारखी हवी.

माझ्या टेबलावर या कसोटीचे रूप कसे दिसते ते सांगतो. मी कोणताही दावा लिहायला घेतो तेव्हा सुरुवातीलाच या न्यायालयाला हा दावा ऐकण्याचा अधिकार कोणत्या कलमाने आहे हे लिहावे लागते. ते चुकले तर पुढची चाळीस पाने कितीही खरी असोत, दावा फेटाळला जातो, आणि समोरच्या वकिलाने हरकत घेतली नाही तरी न्यायाधीश स्वतःहून ती घेतात. काही वर्षांपूर्वी एका मराठी बाईंचा कामाचा परवाना एका सरकारी खात्यात वर्षाहून अधिक काळ अडकला होता. नोकरी गेली होती, घराचे हप्ते थकत होते. अवाजवी दिरंगाईबद्दल आम्ही संघीय जिल्हा न्यायालयात दावा लावला. सरकारला उत्तरासाठी साठ दिवस असतात. पाचव्या आठवड्यात परवाना टपालाने घरी आला, आणि त्याच दुपारी सरकारी वकिलांचा निरोप आला की आता वादच उरलेला नाही, तेव्हा दावा मागे घ्यावा. बाईंना आनंद झाला आणि तो मलाही झाला, पण त्या खात्याची ती दिरंगाई बेकायदा होती असे कोणत्याही न्यायाधीशाने कधी लिहिले नाही, आणि त्यांच्यामागे रांगेत उभे असलेल्यांच्या हाती काहीच लागले नाही. मला आजही त्याची रुखरुख आहे. जिवंत वाद संपला की न्यायालयाचा अधिकारही संपतो.

या व्यवस्थेची धार आणि बोथटपणा दोन्ही भारतीयांनी शंभर वर्षांपूर्वी सोसले आहेत. १७९०पासून अमेरिकी कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्यांपैकी फक्त 'गोऱ्या' माणसाला नागरिक होता येत असे. नंतर त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. पंजाबात जन्मलेले आणि अमेरिकी लष्करात सेवा केलेले भगतसिंग थिंद यांना १९२० मध्ये ओरेगनच्या संघीय जिल्हा न्यायालयाने नागरिकत्व दिले. ते रद्द करावे म्हणून सरकारने दावा लावला, तो फेटाळला गेला, सरकार अपिलात गेले, आणि नवव्या सर्किटने हा प्रश्न स्वतः न सोडवता सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला. थिंद यांच्या निकालाच्या जेमतेम तीन महिने आधी ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांना नाकारताना त्याच न्यायालयाने गोरा म्हणजे कॉकेशियन (वंशशास्त्रज्ञांच्या वर्गवारीतील एक वंश) असे सांगितले होते. थिंद यांचे म्हणणे होते की वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणतात. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की शास्त्रज्ञ काय म्हणतात याला महत्त्व नाही, सामान्य माणूस कोणाला गोरा समजतो ते पाहायचे. तीन महिन्यांत कसोटी बदलणारा हा निकाल मला आजही अन्यायाचा वाटतो.

त्यानंतर सरकारने आधी नागरिक झालेल्या भारतीयांची नागरिकत्वे एकामागून एक रद्द करायला घेतली. थिंद यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित हे लॉस एंजेलिसमध्ये वकिली करत होते आणि १९१४ पासून स्वतः नागरिक होते. आता त्यांच्यावरही दावा आला. नागरिकत्व गेले तर सनद जाणार, मालमत्ता जाणार आणि अमेरिकेत जन्मलेल्या पत्नीचे नागरिकत्वही धोक्यात येणार, अशी त्यांची स्थिती होती. थिंद निकाल चूक आहे असे म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण तो सर्वांत वरच्या न्यायालयाचा होता. पंडित यांनी वेगळा मुद्दा घेतला. १९१४ मध्ये मला नागरिकत्व देणारा हुकूम हा एका सक्षम न्यायालयाचा निवाडा होता, सरकारला तेव्हा हरकत घेण्याची पूर्ण संधी होती, त्याने अपील केले नाही, आणि आता तो विषय पुन्हा उकरता येणार नाही. आपल्याकडील वकील ज्याला रेस ज्युडिकाटा म्हणतात तेच हे. जिल्हा न्यायालयाने त्यांचे म्हणणे मानले, नवव्या सर्किटने १९२६ मध्ये तो निकाल कायम केला, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज दाखल करून घेतला नाही. न्यायालयाच्या ज्या मर्यादेने थिंद यांना काही वाचवले नाही, तिनेच पंडित यांना वाचवले: निवाडा हा त्या पक्षकारांमधला असतो आणि तो अंतिम झाला की सरकारलाही बांधतो. थिंद यांच्याबाबतचा निकाल कायद्यातील एका शब्दाच्या अर्थाविषयी होता, घटनेविषयी नव्हता, म्हणून तो बदलायला घटनादुरुस्तीची गरज पडली नाही. १९४६ मध्ये काँग्रेसने साधा कायदा करून भारतीयांना नागरिकत्व खुले केले.

आता राष्ट्राध्यक्षांकडे येऊ. कोरियन युद्ध चालू असताना पोलाद कामगार संपावर जाणार म्हणून ८ एप्रिल १९५२ रोजी हॅरी ट्रूमन यांनी देशातील पोलाद कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश दिला. कारखानदार न्यायालयात गेले, आणि वॉशिंग्टनमधील डेव्हिड पाइन या एकाच जिल्हा न्यायाधीशाने २९ एप्रिलला हा ताबा बेकायदा ठरवला. २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निकाल उचलून धरला आणि ट्रूमन यांनी कारखाने परत केले. त्या दाव्यात प्रतिवादी म्हणून ट्रूमन यांचे नाव नव्हते; वाणिज्यमंत्री चार्ल्स सॉयर यांचे होते. राष्ट्राध्यक्षांना त्यांच्या घटनात्मक कामात थेट मनाई करायला न्यायालयाने १८६७ मध्येच नकार दिला होता, म्हणून दावा आदेश अमलात आणणाऱ्या अधिकाऱ्यावर लावतात. आदेशाचा कागद राष्ट्राध्यक्षांचा असतो, पण पासपोर्ट नाकारणारा हात कोणा अधिकाऱ्याचा असतो, आणि न्यायाधीश त्या हाताला अडवतो.

इतके समजल्यावर २०२५चा घटनाक्रम उलगडतो. जूनच्या निकालात, जो न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी सहा विरुद्ध तीन मतांनी लिहिला, नागरिकत्वाचा आदेश घटनेला धरून आहे की नाही हे ठरवलेच नव्हते. न्यायालयाने एवढेच म्हटले की १७८९च्या कायद्याने संघीय न्यायालयांना मनाई हुकूम देण्याची जी शक्ती दिली ती वादीला पुरता दिलासा देण्यापुरती आहे. जे खटल्यात पक्षकारच नाहीत त्यांच्यासाठी हुकूम देता येत नाही. पण पक्षकार कोण असावेत हे वकील ठरवतो. एकाच प्रकारची इजा असलेल्या अनेकांच्या वतीने काही प्रतिनिधींनी दावा चालवायचा, ही सामूहिक दाव्याची रीत संघीय दिवाणी नियमांच्या २३व्या नियमात आहे आणि तिला त्या निकालाने हात लावला नाही. न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशांनी १० जुलैला असा वर्ग मान्य केला: २० फेब्रुवारी २०२५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली किंवा जन्मणारी आणि या आदेशामुळे नागरिकत्वाला मुकणारी मुले. आई-वडील त्या वर्गात नाहीत, फक्त मुले आहेत. त्यामुळे आपली नात, तिला माहीत नसताना, त्या दाव्यात पक्षकार झाली, आणि तो हुकूम तिला लागू झाला कारण ती आता खटल्याच्या आत होती. मूळ प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये ऐकायला घेतला. या बाबतीतला जुना आधार १८९८चा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-वडिलांपोटी जन्मलेले वाँग किम आर्क १८९५ मध्ये चीनहून परतल्यावर त्यांना बंदरात उतरू दिले नाही. त्यांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा अटकेतून सुटकेचा, अर्ज केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी ते जन्माने नागरिक असल्याचे ठरवले.

सर्वोच्च न्यायालयाने एखादे प्रकरण घेतले नाही, याचा अर्थ मात्र जपून लावावा. तिथे येणाऱ्या हजारो अर्जांपैकी अलीकडे वर्षाला साधारण साठ-सत्तर प्रकरणेच पूर्ण सुनावणीला घेतली जातात, आणि त्यासाठी नवांपैकी चौघांची तयारी लागते. एच-फोर, म्हणजे एच-वन-बी कामगारांच्या कुटुंबीयांच्या, व्हिसावरील जोडीदारांना काम करू देणाऱ्या २०१५च्या नियमाविरुद्धचा दावा वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला. आपल्या मंडळींनी त्या दिवशी पेढे वाटले. नियम टिकला हे खरे. पण तो योग्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले नाही, आणि ज्या खात्याने तो केला ते खाते रीतसर प्रक्रिया करून तो मागेही घेऊ शकते.

हुकूम मानला नाही तर काय, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण तो त्यात दडलेला आहे. न्यायालयाकडे अवमानाची कारवाई असते, आणि त्यापलीकडे त्याला सरकारच्या हातांवरच अवलंबून राहावे लागते. १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाऊ द्यावे या संघीय न्यायालयाच्या हुकमाला राज्यपालांनी अडवले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१व्या हवाई तुकडीचे सैनिक पाठवले. न्यायाधीशाला हटवण्याचा मार्ग महाभियोगाचा आहे. आजवर पंधरा संघीय न्यायाधीशांवर तो आणला गेला आणि आठ जण दोषी ठरले. निकाल आवडला नाही म्हणून १८०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सॅम्युअल चेस यांच्यावर तो आणला गेला होता, पण सिनेटने त्यांना पदावर ठेवले, आणि तो पायंडा टिकला आहे.

यापुढे 'न्यायालयाने आदेश थांबवला' अशी बातमी दिसली, तर आधी वादी कोण आणि आपले माणूस त्यांच्यात मोडते का हे पाहावे. मग टप्पा पाहावा. पहिल्या दोन-चार दिवसांत मिळतो तो तात्पुरता मनाई हुकूम साधारण चौदा दिवसांचा असतो. त्यानंतर दोन्ही बाजू ऐकून दिलेला प्राथमिक मनाई हुकूम खटला संपेपर्यंत टिकू शकतो, पण त्यावर लगेच अपील होते आणि वरचे न्यायालय त्याला स्थगिती देऊ शकते. आणि लेकीला सांगून नातीचा जन्मदाखला व पासपोर्ट लवकर काढून घ्या. रुग्णालयाचे कागद, आई-वडिलांच्या व्हिसाच्या प्रती आणि पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवायला सांगा, कारण उद्या कुठल्याही न्यायालयात उभे राहावे लागले तर पहिल्या दिवशी तेच लागतील.